रजेने न उतरणारा शीण

कष्टाने माणूस थकतो आणि झोपेने तो थकवा उतरतो, हा शरीराचा साधा नियम आहे. परंतु असाही एक शीण असतो, जो रविवारी उतरत नाही आणि आठ दिवसांच्या रजेनेही उतरत नाही. मोठ्या हुद्द्यावरील कर्तबगार माणसांनाही तो गाठतो, आणि तो बोलून दाखविण्याची लाज त्यांना अधिक वाटते. इंग्रजीत त्याला 'बर्नआउट' असे नाव आहे. तेल संपून वातच जळू लागावी, तशी ही अवस्था.

आमच्या इंदुरातील मराठी घरांचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या आजोबा-पणजोबांपैकी अनेकांनी होळकर दरबारी चाकरी केली. पण संध्याकाळी दप्तर बांधले की ते कचेरीतच राही. आज त्याच घरांतील मुले-मुली पिथमपूरच्या कारखान्यांत आणि पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत व्यवस्थापक आहेत, आणि त्यांची कचेरी खिशातल्या फोनमधून जेवणाच्या पानापर्यंत येते. म्हणून हा विषय आता माजघरातला झाला आहे.

'बर्नआउट' हा शब्द मानसशास्त्रात रूढ केला तो न्यूयॉर्कचे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ साली. विनामूल्य दवाखान्यात मोठ्या उत्साहाने राबणारे कार्यकर्तेच काही काळाने कोरडे आणि चिडखोर होतात, असे त्यांना आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य झालेल्या रोगवर्गीकरणात त्याची व्याख्या दिली, पण ती रोग म्हणून नव्हे. कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून.

त्याची लक्षणे तीन. पहिले, अंगातील सारी शक्ती आटल्यासारखे वाटणे. दुसरे, कामाविषयी मनात दुरावा किंवा तुच्छता येणे. कालपर्यंत ज्या कामाचा अभिमान होता, त्याचे नाव काढताच कडवट बोलणे. तिसरे, आपल्या हातून आता काही नीट होत नाही असे वाटणे. ही लक्षणे वरिष्ठांच्या आधी घरच्यांच्या नजरेस पडतात. शाळेत 'माझे वडील' हा निबंध दिला, की वडील घरी असूनही नसतात, ही तक्रार आम्हांला मुलांच्या वह्यांत वारंवार वाचावयास मिळते. मुलांना जे दिसते, ते मोठ्यांनी दृष्टीआड करू नये.

यातून बाहेर येता येते काय? येते. अँटोनिओ ओर्ता-ओसोरिओ यांचे उदाहरण बोलके आहे. सरकारी पैशाने तरलेल्या ब्रिटनमधील लॉइड्स या बँकेची धुरा त्यांनी २०११ च्या मार्च महिन्यात घेतली. सारा भार स्वतःवर ओढून घेतल्याने काही महिन्यांतच त्यांची झोप उडाली, आणि नोव्हेंबरात वैद्यकीय सल्ल्याने त्यांनी रजा घेतली. जानेवारी २०१२ मध्ये ते परतले आणि पुढे २०२१ पर्यंत त्याच पदावर राहिले. मात्र परतल्यावर त्यांनी जुनीच घडी पुन्हा बसविली नाही. थेट आपल्या हाताखालील अधिकाऱ्यांची संख्या कमी करून जबाबदारी वाटून दिली. आमच्या मते खरे औषध हेच. रजेने दम मिळतो. पण ज्या व्यवस्थेने माणूस पिचला, तिच्यातच तो जसाच्या तसा परतला, तर शीणही परततो.

म्हणून प्रतिबंधाचा विचार करताना केवळ योगासने आणि प्राणायाम सांगून भागत नाही. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकल लायटर या अभ्यासकांनी सहा बाबी तपासावयास सांगितले आहे: कामाचा बोजा, कामावरील स्वतःचा ताबा, कामाची कदर, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय आणि मूल्ये. यांपैकी कोठे बिघडले आहे, हे व्यवस्थापकाने स्वतःपुरते कागदावर मांडावे, आणि जे बदलता येईल ते वरिष्ठांशी बोलून बदलून घ्यावे. फ्रान्समध्ये तर १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन व संदेशांपासून मोकळे राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे निदान जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे घराच्या हाती आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. रक्तक्षय, थायरॉईडचा दोष किंवा नैराश्य यांतही असाच थकवा येतो. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावे. कामापुरतीच नव्हे, तर साऱ्या आयुष्याचीच गोडी गेली असेल, किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोल कानी आले, तर एक दिवसही दवडू नये. भारत सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२ साली सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

शेवटी घरच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. "आमचा मुलगा रात्री बारापर्यंत कामात असतो," असे आपण हळदीकुंकवात आणि लग्नाच्या पंगतीत कौतुकाने सांगतो. ते ऐकणाऱ्या मुलाला मग "आता झेपत नाही" हे शब्द उच्चारणे अवघड होते. हुद्दा थोडा उतरला, पगार थोडा घटला, तरी घरात त्याचे पान तसेच मानाने वाढले जाईल, हा भरवसा आपण त्याला वेळीच शब्दांत दिला पाहिजे.