लॅपटॉपद्वारे विद्युत गिटारचा नाद : एक विवेचन

१९२० च्या दशकात बांधलेल्या नायगावच्या बीडीडी चाळींतील खोली अवघी १६० चौरस फुटांची. अशा दाट वस्तीत अ‍ॅम्प्लिफायर मोठ्याने वाजविणे शेजाऱ्यांस त्रासदायक ठरते. त्यामुळे लॅपटॉप व हेडफोन हा पर्याय वादकास सोयीचा होय. मात्र गिटार लॅपटॉपला थेट जोडल्यास नाद बिघडतो. त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण संरोध, म्हणजेच इम्पीडन्स. गिटारच्या पिकअपचा संरोध अधिक, तर लॅपटॉपच्या माइक-जोडणीचा कमी असतो. परिणामी उच्च कंप्रता क्षीण होऊन नाद बोथट होतो. सुमारे १० लाख ओहम संरोधाचा गिटार-प्रवेश असलेला ऑडिओ इंटरफेस वापरल्यास हा दोष टळतो. दुसरे, गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा लाउडस्पीकर साधारणतः ५,००० हर्ट्झपलीकडील कंप्रता गाळतो. सॉफ्टवेअरमध्ये त्याची प्रतिकृती न योजल्यास डिस्टॉर्शनचा नाद कर्कश येतो. तिसरे कारण विलंबाचे. सेकंदास ४४,१०० नमुने या दराने १,०२४ नमुन्यांचा बफर सुमारे २३ मिलिसेकंद विलंब करतो व तो वादकास जाणवतो; १२८ नमुन्यांचा बफर केवळ २.९ मिलिसेकंद.

सारांश, उत्तम नाद महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा योग्य जोडणी, लाउडस्पीकरची प्रतिकृती व अल्प विलंब यांवर अधिक अवलंबून असतो. आणि तो लहानशा खोलीतही साधता येतो.