तांबेरा आणि पानावरचे ठिपके



खोडवा तुटला की पुष्कळ सभासद त्याच रानात गहू करतात. पौष-माघात मग शेतकी विभागाकडे विचारणा सुरू होते, पानावर ठिपके दिसतात, तांबेरा आला काय? आम्ही आधी पानावरून बोट फिरवायला सांगतो. बोटाला विटकरी भुकटी लागली तर तांबेरा पक्का. भुकटी नाही, नुसते सुईच्या टोकाएवढे फिकट, वाळके ठिपके आहेत, तर पीक रोगाशी झुंजत असण्याचा संभव असतो. हे कसे, ते समजून घेऊ.

तांबेरा ही बुरशी आहे. तिचे बीजाणू वाऱ्यावर येतात, दवाने ओल्या पानावर रुजतात आणि पानाच्या छिद्रांतून आत शिरतात. आत गेल्यावर पेशीत शोषक अवयव रोवून बुरशी अन्नरस पिते. मात्र ती जित्या पेशीवरच जगते. मेलेल्या पेशीतून तिला काही मिळत नाही.

प्रतिकारक जातीचे झाड याचाच फायदा घेते. बुरशी शिरल्याची खूण पटताच ती पेशी, आणि कधी शेजारच्या दोन-चार, आपणहून मरतात. बुरशीचे अन्न तुटते व ती तिथेच उपाशी मरते. उसाला आग लागली की आपण पुढच्या चार सऱ्या तोडून मोकळा पट्टा पाडतो ना, तसेच हे. थोडे गमवायचे, फड वाचवायचा. रोगट जातीत पेशी जिवंत राहतात, म्हणून पान काही दिवस हिरवे दिसते आणि मग भुकटीने भरते.

इंग्लंडच्या मार्शल वॉर्ड यांनी १९०२ साली तांबेऱ्यावर काम करताना हे मरण पाहिले. अमेरिकेच्या स्टॅकमन यांनी १९१५ साली त्याला 'अतिसंवेदनशीलता' म्हटले. ही खूण कशी पटते, तेही आता कळले आहे. गव्हातील एसआर-३५ या जनुकाचे प्रथिन बुरशीचे प्रथिन ओळखते, मग पेशीत कॅल्शियम शिरू देणारे दार उघडते, आणि पेशी मरते. हे २०२२ साली प्रसिद्ध झाले.

पण एकाच कुलपावर विसंबून चालत नाही. बुरशी आपले रूप बदलते, मग पेशीला ती ओळखू येत नाही व मरायचे ते मरत नाही. एसआर-३१ या जनुकावर जगातला कितीतरी गहू विसंबून होता. १९९९ साली युगांडात सापडलेल्या युजी-९९ या काळ्या तांबेऱ्याने तो मोडला. उलट एलआर-३४ सारखे जनुक पेशी न मारता रोगाचा वेग कमी करतात. त्यांचा प्रतिकार पुष्कळ वर्षे टिकला आहे.

आपल्याकडे काळा आणि तपकिरी हे दोन तांबेरे महत्त्वाचे. मैदानी उन्हाळ्यात ते तगत नाहीत. प्रा. क. च. मेहता यांनी दाखवले की दक्षिणेत निलगिरीसारख्या डोंगरांत ते टिकतात व तेथून वाऱ्याने खाली येतात. महाबळेश्वरचे गहू गेरवा संशोधन केंद्र याच रोगावर काम करते. उसाच्या सभासदाला हा विषय परका नाही. १९५० च्या आसपास आपल्या भागात को ४७५ या उसावरही तांबेरा आला होता.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे :

१. गावभर एकच जात नको. निफाड केंद्राने किंवा कृषी विद्यापीठाने शिफारस केलेल्या दोन तरी प्रतिकारक जाती पेराव्यात.

२. खोडवा उशिरा तुटला म्हणून गहू फार उशिरा पेरू नये. पीक उशिराचे तेवढा तांबेऱ्याचा धोका अधिक.

३. युरियाचा मारा टाळावा. गच्च, लुसलुशीत पिकात रोग फोफावतो.

४. भुकटी नसलेले ठिपके पाहून लगेच औषध मारू नये, चार-पाच दिवस पाहावे. ठिपके मोठे होऊन पान करपू लागले तर तो करपा असू शकतो. करप्याची बुरशी मेलेल्या भागावरही जगते, म्हणून पेशीचे मरण तिथे कामाचे नाही. असे पान गटऑफिसला दाखवावे.

५. भुकटी दिसताच दहा लिटर पाण्यात दहा मिलिलिटर प्रोपिकोनॅझोल मिसळून फवारावे. एक दिवसही दवडू नये.

शेतकी विभाग