वयस्क मांजराचा मधुमेह आणि त्याचे अन्न

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, अरवलीच्या बुटक्या रांगांच्या पायथ्याशी, हरियाणातील मानेसर हे ठिकाण आहे. गहू आणि मोहरीच्या शेतांच्या या प्रदेशात आता मोटारींचे कारखाने, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि अनेक मजली वसाहती उभ्या आहेत. या पालटाबरोबर मांजराच्या जीवनक्रमातही मोठा पालट झाला. धान्याच्या कोठारात उंदरांवर जगणारा हा प्राणी चौथ्या-पाचव्या मजल्यावरील सदनिकेत आला. तेथे शिकार नाही, धावपळ नाही, आणि अन्न मात्र दिवसभर समोर मांडलेले असते. मधुमेहाचा विचार करावयाचा तो याच मांजराच्या संदर्भात.

मानेसरला मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत मांजर वारंवार पाण्याच्या वाटीकडे जाऊ लागले, तर घरातील माणसे त्याचा दोष उन्हाळ्याला देतात, आणि रोगाचे पहिले लक्षण येथेच नजरेतून सुटते. पाणी पिणे वाढते, लघवी वाढते, भूक वाढते आणि तरीही वजन उतरत जाते, ही चार लक्षणे एकत्र दिसली की ऋतूचे कारण पुरेसे मानू नये. काही मांजरे पुढे चवड्यांवर न चालता मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात. शर्करेच्या आधिक्याने मज्जातंतू दुबळे झाल्याची ती खूण होय. मधुमेही माणसाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे निरीक्षण भारतीय वैद्यांनी प्राचीन काळीच नोंदविले होते. मांजराच्या वाळूच्या तबकाभोवती मुंग्यांची रांग दिसली, तर तिलाही तेवढेच महत्त्व द्यावे.

ब्रिटनमध्ये झालेल्या पाहण्यांनुसार सुमारे दोनशे मांजरांमागे एकास हा विकार असतो. दहा वर्षांच्या पुढील, खच्ची केलेल्या आणि लठ्ठ बोक्यांत त्याचे प्रमाण विशेष आढळते. कुत्र्याच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी बहुधा नष्टच झालेल्या असतात. मांजराचा मधुमेह मात्र प्रौढ माणसाच्या मधुमेहाशी अधिक जुळतो. प्रथम शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते. मग त्या पेशी जादा कामाने थकतात आणि त्यांच्या आसपास ॲमिलिन या प्रथिनाचे न विरघळणारे थर साचतात. हे प्रथिन १९८० नंतरच्या दशकात ओळखले गेले, त्यात मधुमेही मांजरांच्या स्वादुपिंडाचा मोठा वाटा होता. माणसाच्या रोगाचे एक कोडे उलगडण्यास मांजर असे उपयोगी पडले. पेशी थकलेल्या असतात, सर्वस्वी मेलेल्या नसतात. म्हणूनच वेळीच उपचार झाल्यास इन्शुलिनची गरज संपुष्टात येऊ शकते, आणि येथेच अन्नाचा प्रश्न निर्णायक ठरतो.

मांजर हे केवळ आवडीने मांसाहारी नाही; त्याच्या देहाची घडणच तशी आहे. त्याच्या लाळेत पिष्ट पचविणारे विकर नसते. आहारातील शर्करेचा लोंढा आला असता माणसाच्या यकृतात ग्लुकोकायनेज नावाचे विकर ती झपाट्याने सामावून घेते. मांजराच्या यकृतात त्याचे कार्य अत्यल्प असते. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुकच मांजरात निकामी झालेले आहे, असे २००५ साली दाखविण्यात आले. पेढ्याकडे धावणारे मांजर गोडीला भुललेले नसते. त्याला खव्यातील स्निग्धांश हवा असतो. रानोमाळ हिंडणाऱ्या मांजरांच्या भक्ष्याचा अभ्यास केला असता, त्यांच्या दैनंदिन ऊर्जेपैकी सुमारे ५२ टक्के प्रथिनांतून, ४६ टक्के स्निग्ध पदार्थांतून आणि केवळ २ टक्के पिष्टमय पदार्थांतून मिळते, असे आढळून आले आहे.

या आकड्यांशेजारी घरातील ताटली ठेवून पाहावी. हरियाणा ही मुऱ्हा म्हशीची भूमी; तेथे दुधाला तोटा नाही आणि ताटात गव्हाची पोळी असतेच. चार किलो वजनाच्या, घरात बसून राहणाऱ्या मांजरास दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी पुरतात. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १०० किलोकॅलरी असतात, आणि ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत जवळजवळ तितक्याच. म्हणजे एक वाटी दूध आणि त्यात कुस्करलेली एक पोळी एवढ्यातच त्या प्राण्याची दिवसाची गरज भागते, आणि तिच्यापैकी निम्मी ऊर्जा पिष्ट व दुग्धशर्करा यांतून येते. निसर्गात जेथे २ टक्के, तेथे हे ५० टक्के! महाराष्ट्रातील घरांत पोळीऐवजी दूधभात असतो, एवढाच काय तो फरक. त्यावर उरलेसुरले तुकडे येतात, ते वजनाच्या रूपाने शिल्लक राहतात.

डब्यातील तयार अन्नाविषयीही असाच भ्रम आहे. कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर पिष्टमय पदार्थांचे प्रमाण बहुधा छापलेले नसते. पण ते साध्या वजाबाकीने काढता येते. समजा पिशवीवर प्रथिने ३०, स्निग्धांश १०, ओलावा १०, राख ८ आणि तंतू ४ टक्के असे आकडे आहेत. त्यांची बेरीज ६२. शंभरातून उरले ३८, तेच पिष्टमय द्रव्य. प्रथिन आणि पिष्ट यांच्या दर ग्रॅमास साडेतीन आणि स्निग्धांशाच्या दर ग्रॅमास साडेआठ किलोकॅलरी धरल्यास अनुक्रमे १०५, १३३ आणि ८५, म्हणजे एकूण ३२३ होतात. पिष्टाचा वाटा सुमारे ४१ टक्के पडला. आता ओलसर अन्नाचा एक डबा घ्यावा: प्रथिने १०, स्निग्धांश ५, ओलावा ८०, राख २, तंतू १. उरले २, त्यांचा ऊर्जेतील वाटा सुमारे ८ टक्के भरतो. मधुमेही मांजरासाठी हा वाटा १० ते १२ टक्क्यांच्या आत असावा, असे सामान्यतः मानले जाते. दाणे खुपसे कोरडे असल्याने तोंडात पिष्ट जाणवत नाही, पण दाण्याला आकार येतो तो पिष्टामुळेच. ओलसर अन्नाची अडचण एकच, आणि मानेसरच्या उन्हाळ्यात ती लहान नाही: ते तासा-दोन तासांत खराब होऊ लागते. म्हणून थोडे थोडे वाढावे आणि उरलेले शीतकपाटात ठेवावे.

या आहाराचा परिणाम मोजलेला आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६३ मधुमेही मांजरांना दोन प्रकारचे डबाबंद अन्न देण्यात आले. चार महिन्यांनंतर, अल्प पिष्टाच्या गटातील ६८ टक्के मांजरांना इन्शुलिन लागेनासे झाले. मध्यम पिष्ट आणि अधिक तंतू असलेल्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. २००९ सालच्या दुसऱ्या अभ्यासात आहाराला ग्लार्जिन इन्शुलिन आणि घरच्या घरी वारंवार केलेली रक्तपरीक्षा यांची जोड होती. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू झालेल्या मांजरांपैकी ८४ टक्के, तर उशिरा सुरू झालेल्यांपैकी ३५ टक्के मांजरे इन्शुलिनमुक्त झाली. उशिराची किंमत या दोन आकड्यांवरून कळते.

मात्र यातून केवळ अन्न पालटून रोग जातो, असा अर्थ कोणी काढू नये. बहुतेक मांजरांना आरंभी इन्शुलिन द्यावेच लागते. उलटपक्षी, इन्शुलिन चालू असताना पशुवैद्याला न सांगता पिष्ट एकदम कमी केले, तर जुनी मात्रा नव्या अन्नाला भारी पडते, रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरते आणि मांजर अडखळू लागते, थरथरते, प्रसंगी बेशुद्ध पडते. अशा वेळी हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी चोळून तत्काळ पशुवैद्य गाठावा. भारतात आणखी एक धोका आहे, आणि तो माणसांच्या औषधालयातूनच घरात येतो. येथे इन्शुलिन दर मिलिलिटरला ४० एककांचे आणि १०० एककांचे अशा दोन्ही शक्तींत मिळते. ४० एककांची लाल टोपणाची पिचकारी १०० एककांच्या कुपीत बुडविली, तर मात्रा अडीचपट होते. मांजराची मात्रा एक-दोन एककांची असते हे लक्षात घेता, ही चूक जिवावर बेतू शकते. कुपी २ ते ८ अंशांत ठेवावयाची असते; वीज गेलेल्या दुपारी तिची काळजी अन्नाच्या आधी घ्यावी.

लंघन ही आपल्याकडे जुन्या उपचारांतील मानाची गोष्ट. लठ्ठ मांजराला मात्र उपाशी ठेवणे हा घातक उपाय आहे. काही दिवस अन्न तुटले की शरीरातील चरबी यकृतात इतक्या वेगाने साचते की यकृतच निकामी होऊ लागते. वजन उतरवावयाचे ते आठवड्याला एक टक्का, फार तर दोन टक्के. पाच किलोच्या बोक्यास ५० ते १०० ग्रॅम म्हणजे पुरे. लहान मुलाचे वजन करण्याचा काटा त्यासाठी उत्तम.

जी घरे स्वतः शाकाहारी आहेत, त्यांच्यापुढे हा प्रश्न निराळ्याच रूपाने उभा राहतो, आणि त्याची थट्टा करणे उचित नाही. दया म्हणून पाळलेल्या प्राण्यासाठी दुसऱ्या प्राण्याचे मांस घरात आणावे काय? यावर शास्त्र निवाडा देऊ शकत नाही. मांजराच्या गरजा तेवढ्या ते सांगते. टॉरिन हे द्रव्य मांजर स्वतःच्या देहात पुरेसे तयार करू शकत नाही; ते अन्नात नसल्यास दृष्टिपटल झिजते हे १९७५ साली, आणि हृदय फुगून दुबळे होते हे १९८७ साली सिद्ध झाले. टॉरिन निसर्गतः मुख्यत्वे प्राणिज अन्नातच असते. अनेक घरे अंडी किंवा बंद डब्यातील अन्न यांवर समेट करतात, आणि तो व्यवहार्य आहे. परंतु केवळ अंडी किंवा केवळ उकडलेली हाडरहित कोंबडी हेही पूर्ण अन्न नव्हे. त्यात पिष्ट नाही हे खरे, पण कॅल्शियम फार कमी पडते, आणि टॉरिनचा काही भाग उकडलेल्या पाण्याबरोबर ओतला जातो. शिजविलेली हाडे देऊ नयेत. त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात. घरी अन्न शिजवावयाचे झाल्यास पूरक द्रव्यांचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे.

वृद्ध मांजरात अडचण अशी की मूत्रपिंडेही बहुधा थकलेली असतात. त्यांच्यासाठी फॉस्फरस कमी हवे, मधुमेहासाठी पिष्ट कमी हवे. दोन्ही एकाच डब्यात मिळणे कठीण. अशा वेळी कोणता विकार अधिक पुढे गेला आहे ते तपासून तोल साधावा लागतो. स्टेरॉइड औषधे चालू असल्यास, अथवा पोष ग्रंथीच्या गाठीमुळे वाढीचा अंतःस्राव अधिक झाल्यास, अन्न कितीही अचूक असले तरी शर्करा दबत नाही.

तपासणीबाबत एक सूचना. निरोगी मांजराची रक्तशर्करा दर डेसिलिटरला साधारण ७० ते १५० मिलिग्रॅम असते. पण पेटीत घालून, महामार्गावरील गर्दीतून गुरुग्रामच्या दवाखान्यात नेलेल्या घाबरट मांजराची शर्करा केवळ भीतीने ३०० च्या वर जाऊ शकते. म्हणून एकाच आकड्यावर निदान करीत नाहीत. मागील एक-दोन आठवड्यांची सरासरी दाखविणारी फ्रुक्टोसामाइन परीक्षा करतात, किंवा घरीच कानाच्या कडेला सुई टोचून एक थेंब रक्त मोजतात. कान थोडा उबदार करून घेतला की थेंब सहज येतो, आणि बहुतेक मांजरे आठवडाभरात त्याला सरावतात.

२०२२ आणि २०२३ साली अमेरिकेत बेक्साग्लिफ्लोझिन व वेलाग्लिफ्लोझिन ही तोंडाने देण्याची दोन औषधे मांजरांसाठी मान्य झाली. ती जादा शर्करा लघवीवाटे बाहेर टाकतात. पूर्वी इन्शुलिन घेतलेल्या मांजरांना ती देत नाहीत. कारण रक्तशर्करा कमी दिसत असतानाच शरीरात घातक आम्ले साचण्याचा संभव राहतो.

इन्शुलिन थांबल्यानंतरही जुने अन्न परत सुरू करावयाचे नसते. मुक्त झालेल्या मांजरांपैकी काहींना रोग पुन्हा गाठतो, आणि पुष्कळदा वाढलेले वजन किंवा चोरून मिळालेली दुधाची वाटी त्याच्या मागे असते. अशा घरांत पाण्याच्या भांड्यावर एक रेघ मारून ठेवतात. सकाळी भांडे रेघेपर्यंत भरतात, दुसऱ्या दिवशी किती पाणी कमी झाले ते मोजतात, आणि तो आकडा वजनाच्या आकड्याशेजारी दिनदर्शिकेवर लिहितात.