सातपुरातला गोल कॅक्टस : निगा आणि फुलोरा

गोल, बुटक्या आणि खास फुलांसाठी लावल्या जाणाऱ्या कॅक्टसांत मॅमिलेरियाचा मान पहिला. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ एड्रियन हॅवर्थ यांनी १८१२ मध्ये ही प्रजाती वेगळी मांडली. तिच्यात दीडशेच्या आसपास जाती असून बहुतेक सगळ्या मेक्सिकोतल्या आहेत. आपल्याकडे बांधावर दिसणारा फड्या निवडुंग याच कुळातला आणि मूळचा अमेरिकेचाच. त्रिधारी निवडुंग मात्र एरंडाच्या कुळातला. कॅक्टसाचे काटे लवदार गादीतून झुपक्याने निघतात, त्रिधारीला अशी गादी नसते.

मॅमिलेरियाच्या गोलावर धारा नसतात, मळसूत्री ओळींत मांडलेल्या गाठी असतात. काट्यांची गादी गाठीच्या टोकावर असते, तर फूल दोन गाठींच्या बेचक्यातून येते. बहुतेक जातींत गेल्या हंगामात वाढलेल्या भागावरच कळ्या धरतात. म्हणून फुले शेंड्याभोवती कड्यासारखी उमलतात. आदल्या वर्षी वाढ खुंटली, तर पुढच्या वर्षीचे कडे अपुरे राहते.

हवामानाचा मेळ

सातपूर नाशिकच्या पश्चिमेला, त्र्यंबक रस्त्यावर वसले आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६०० मीटर आणि अक्षांश २० उत्तर. पांढऱ्या केसांची, जांभळट गुलाबी फुलांची मॅमिलेरिया हानियाना ज्या केरेतारो भागात आढळते, तोही जवळपास याच अक्षांशावर येतो. तिथेही पाऊस साधारण आपल्या पावसाळ्याच्याच महिन्यांत पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. फरक आहे तो पावसाच्या रीतीत. मध्य मेक्सिकोच्या पठारावर सर आली की पुन्हा ऊन पडते. सातपुरात मात्र आभाळ दिवसचे दिवस झाकलेले असते आणि कुंडीतली माती वाळतच नाही. त्यामुळे इथे कॅक्टस उन्हाळ्यात क्वचित दगावतो. तो जातो जुलै-ऑगस्टमध्ये, मुळे कुजून.

कुंडी आणि माती

कुंडी झाडाच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटीमीटरच मोठी असावी. मोठ्या कुंडीत मुळे न पोचलेली माती ओली राहते आणि तिथूनच कूज सुरू होते. मातीची कुंडी लवकर वाळते, म्हणून पावसाळ्यासाठी ती बरी. तळाला भोक हवेच.

नाशिकची काळी चिकण माती या झाडाला चालत नाही. चाळून धूळ काढलेला बारीक मुरूम आणि जाड वाळू मिळून दोन भाग, त्यात कुजलेले पालापाचोळ्याचे खत किंवा गांडूळखत एक भाग, असे मिश्रण करावे. मूठभर निंबोळी पेंड घालावी. मिश्रण मुठीत दाबून सोडल्यावर ढेकूळ न राहता मोकळे झाले पाहिजे. लागवडीनंतर झाडाच्या बुडाभोवती बारीक खडीचा थर दिल्यास बूड कोरडे राहते. कुंडी बदलायची असल्यास फेब्रुवारीत बदलावी. मुळांना झालेल्या जखमा सुकाव्यात म्हणून आठवडाभर पाणी देऊ नये.

ऊन

रोज चार-पाच तास थेट ऊन मिळाले तर गोल आकार टिकतो. उजेड कमी पडला की शेंडा फिकट आणि टोकदार होतो, व एकदा बिघडलेला आकार पुन्हा सुधारत नाही. कामगार वसाहतींतल्या घरांना पूर्वेकडे खिडकी असेल तर तिची जाळी ही उत्तम जागा. गच्चीवर एप्रिल-मेमध्ये स्लॅबची धग खालून लागते. तिथे कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवून वर ५० टक्क्यांची शेडनेट बांधावी. दुकानातून आणलेले झाड एकदम उन्हात ठेवल्यास त्यावर भुरे करपट डाग पडतात आणि ते कायम राहतात. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ऊन वाढवावे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतली धूळ काट्यांत साचते, ती मऊ ब्रशने झटकावी.

पाणी आणि खत

कॅक्टसाची पर्णरंध्रे रात्री उघडतात. त्या वेळी घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा त्याचे अन्न होते. म्हणून उन्हाळ्यात पाणी संध्याकाळी द्यावे. कुंडीत बारीक काडी खोचून पाहावी. ती कोरडी निघाली की तळातून वाहीपर्यंत पाणी घालावे आणि बशीतले काढून टाकावे.

फेब्रुवारी ते एप्रिल साधारण आठवड्याला एकदा पाणी पुरते. कडक उन्हाळ्यात झाडाची वाढ थांबते, तेव्हा ते थोडे कमी करावे. जूनच्या सुरुवातीलाच कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली घ्याव्यात. बाजू उघड्या राहिल्या तर वारा खेळतो. पावसाळ्यात कुंडी पूर्ण वाळल्यावरच, दोन-तीन आठवड्यांनी पाणी द्यावे. ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागांत गोड छाटणी चालू असते, तेव्हा कॅक्टसही पुन्हा वाढीला लागतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळपास बंद करावे. नाशिकची थंड रात्र आणि कोरडी मुळे यांच्या जोडीनेच कळ्या धरतात. या दोन महिन्यांत भरपूर पाणी दिल्यास झाड हिरवेगार दिसते, पण फुलोरा कमी येतो.

बोअरचे जड पाणी वापरल्यास मातीवर आणि बुडाशी पांढरा खार चढतो. साठवलेले पावसाचे पाणी सर्वांत चांगले. द्राक्ष उत्पादकांसाठी कृषी सेवा केंद्रांत मिळणारी विद्राव्य खतेच इथे चालतात. वाढीच्या काळात १९:१९:१९ आणि जानेवारी संपताना ०:५२:३४, दोन्ही लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, महिन्यातून एकदाच.

रोग आणि कीड

गाठींच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून तो टिपून काढावा आणि झाड दोन दिवस सावलीत ठेवावे. कुंडीतून काढल्यावर मुळांवर पांढरी भुकटी आढळली, तर सगळी माती टाकून मुळे धुवावीत. उन्हाळ्यात शेंड्याजवळ तांबूस खरबरीतपणा आला तर लाल कोळीची शंका घ्यावी. बूड मऊ पडल्यास निरोगी भाग लागेपर्यंत धारदार सुरीने काप घ्यावेत. कापाच्या मधोमध तपकिरी ठिपका उरता कामा नये. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड लावून तुकडा पंधरा दिवस सुकवावा आणि मग कोरड्या वाळूवर टेकवून ठेवावा.

निवड आणि अभिवृद्धी

नवशिक्यांना मॅमिलेरिया प्रोलिफेरा सोपी. तिला भराभर पिल्ले येतात आणि ती सहज रुजतात. हानियानाला पावसाळ्यात जास्त जपावे लागते, कारण तिच्या केसांत ओल अडकते. बाजारातला लाल-पिवळा ‘मून कॅक्टस’ वेगळ्या प्रजातीचा, जिम्नोकॅलिशियम मिहानोविची या जातीचा. त्यात हरितद्रव्य नसल्याने तो ड्रॅगन फ्रूटच्या वर्गातल्या खुंटावर कलम केलेला असतो आणि सहसा फार वर्षे टिकत नाही. काही झाडांवर वाळलेली कागदी फुले गोंदाने चिकटवून विकतात. फूल बेचक्यातून निघाले आहे की काट्यांवर बसवले आहे, हे पाहिल्यावर खरे-खोटे कळते.

फुलानंतर काही महिन्यांनी पुष्कळ जातींत लाल मिरचीसारखी फळे वर येतात. अनेक जातींत बी धरण्यासाठी दोन वेगळ्या रोपांची फुले लागतात. प्रोलिफेरा एकटीही फळते. बी धुऊन, वाळवून फेब्रुवारी-मार्चमध्ये ओलसर मिश्रणावर पसरावे, वर माती टाकू नये आणि डबा झाकून सावलीत ठेवावा. पंचवीस अंशांच्या आसपास तापमान असल्यास एक-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. लवकर फुलणाऱ्या जातींना दोन ते चार वर्षांत पहिली कळी येते.