एडिंबरोचे सुवर्ण आणि तालमीचा वारसा : हरिश्चंद्र बिराजदारांची कुस्ती कशी मोजावी?

देगलूर : देगलूर, उदगीर, निलंगा या सीमाभागातील गावोगावच्या यात्रांचा समारोप आजही कुस्त्यांच्या फडाने होतो. दुपारी नारळावर आणि खारका-रेवड्यांवर लहान मुलांच्या जोडी लागतात. ऊन कलू लागले की हलगीचा ताल चढतो आणि अखेरीस मानाची कुस्ती सुटते. विजयी मल्लाला फेटा बांधला जातो, इनाम दिले जाते, लोक पांगतात. कोणी कोणाला किती मिनिटांत आणि कोणत्या डावावर चीत केले, याची नोंद मात्र कोठेही होत नाही. ती लोकांच्या बोलण्यात राहते आणि बोलणारी पिढी संपली की पुसली जाते.

याच पट्ट्यातील एका मल्लाची नोंद जागतिक पातळीवरील दप्तरात झाली, तीही अर्धवट. १९७० साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झालेल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ८२ किलो वजनगटातील सुवर्णपदक भारताच्या नावावर आहे. विजेत्याचे नाव मात्र तेथे ‘हरिश राजिंद्र’ असे आढळते. हे राजिंद्र म्हणजे निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. आडनावातील पहिले अक्षर गळाले, उरलेल्याला उत्तर भारतीय वळण मिळाले आणि मराठवाड्याच्या या सुवर्णपदकावर परक्या नावाची मोहोर उमटली. बिराजदारांची कारकीर्द समजून घ्यायची, तर केवळ अशा नोंदवह्या चाळून भागत नाही.

गाव एक, जिल्हे तीन

बिराजदारांचा जन्म १९५० सालचा. निलंगा तालुका तेव्हा हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर लातूरला जोडला गेला. म्हणजे बिराजदारांच्या हयातीत त्यांच्या गावाने तीन जिल्हे पाहिले.

या प्रशासकीय तपशिलाला कुस्तीच्या दृष्टीने अर्थ आहे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले, तालमी नांदल्या, मल्लांच्या खुराकाची सोय झाली. निजामी अमलाखालील मराठवाड्यात मातीची आवड होती, यात्रा होत्या, अंगापिंडाने मजबूत शेतकऱ्यांची मुले होती. पण त्यांना वर्षानुवर्षे सांभाळणारी अशी व्यवस्था नव्हती. मल्लाला दूध, तूप, बदाम आणि मांसाहार रोज लागतो. त्याबरोबर जोर-बैठका, आखाडा आणि तोडीचे जोडीदार लागतात. कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नातून हा खर्च पेलणे अवघड. म्हणून या भागातील होतकरू मुलाला एक दिवस वळकटी बांधून कोल्हापूर गाठावे लागे. बिराजदारही कोल्हापूरच्या तांबड्या मातीतच घडले.

किताबाचा मान

महाराष्ट्रातील मल्लाची थोरवी प्रथम किताबावरून ठरते. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब द्यावयास प्रारंभ केला. प्रचलित पद्धतीनुसार माती विभागातील विजेता आणि गादी विभागातील विजेता यांच्यात अंतिम लढत होते. त्यामुळे दोन्ही प्रकारांत निभाव लागणाऱ्या मल्लालाच हा मान मिळतो. ‘हिंद केसरी’ आणि ‘रुस्तुम-ए-हिंद’ हे किताब देशपातळीवरचे.

१९६९ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातुरात भरली होती. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. आपल्याच मुलखात झालेल्या या स्पर्धेत एकोणीस वर्षांच्या बिराजदारांनी किताब पटकावला. पुढील दोन्ही वर्षे हा मान कोल्हापूरच्या दादू चौगुले यांच्याकडे गेला. एवढ्यावरून त्या काळी राज्यात स्पर्धा किती कडवी होती याची कल्पना यावी. पुढे रुस्तुम-ए-हिंद हा किताबही बिराजदारांना मिळाला आणि मराठवाड्यात त्यांच्या नावामागे तो कायमचा जोडला गेला.

माती आणि मॅट

मातीवरून मॅटवर जाणे म्हणजे केवळ पायाखालचा पृष्ठभाग बदलणे नव्हे. मातीच्या हौद्यात हळद, तेल, ताक मुरवलेले असते. तेथे पाय रुततो, पकड संथपणे घट्ट होते आणि दमसास असलेला मल्ल प्रतिस्पर्ध्याला थकवू शकतो. निकाली कुस्तीत गुणांना स्थान नाही. पाठ मातीला लागली की निकाल. मॅटवर हालचाल वेगवान होते, वेळेचे बंधन असते, मर्यादारेषा असते आणि प्रत्येक डावाचा गुण पंच टिपून ठेवतात. शिवाय वजनगट काटेकोर असतात. यात्रेच्या फडात केवळ अंदाजाने जोड लावली जाते, तसे येथे चालत नाही.

त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असत आणि दंडगुणांची पद्धत होती. पराभूत मल्लाला अधिक दंडगुण मिळत. पण चितपट न करता केवळ गुणांवर जिंकणाऱ्या मल्लाच्या खात्यावरही दंडगुण जमा होई. दंडगुण ठरावीक संख्येवर गेले की मल्ल बाद. साहजिकच चितपटीला मोठे मोल होते, आणि चितपट करण्याची सवय हेच मातीचे पहिले शिक्षण. मात्र मातीत सावकाश साधायचे ते येथे नऊ मिनिटांत साधावे लागे.

जुलै १९७० मध्ये एडिंबरोला भारताने पाच सुवर्णपदके जिंकली आणि ती पाचही कुस्तीतील होती. वेदप्रकाश, सुदेशकुमार, उदयचंद, मुख्त्यारसिंग आणि बिराजदार हे ते पाच मल्ल. ऑलिंपिक अथवा राष्ट्रकुल पदकविजेत्यांवर आज बक्षिसांचा, नोकऱ्यांचा वर्षाव होतो. वीस वर्षांच्या बिराजदारांच्या वेळी तो काळ अजून दूर होता. सुवर्णपदक मिळवूनही मल्लाचा चरितार्थ चालायचा तो मैदानातील इनामांवर, आणि लोकांच्या लेखी त्याची खरी कसोटीही तेथेच लागायची.

बेळगावची लढत

म्हणूनच जुन्या शौकिनांना बिराजदारांविषयी विचारले, तर पहिला उल्लेख बहुधा एडिंबरोचा होत नाही. तो १९७७ च्या बेळगावचा होतो. दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचे सतपाल तेव्हा ऐन भरात होते. वयाने ते बिराजदारांपेक्षा पाच वर्षांनी लहान. १९७४ सालीच त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता आणि महाराष्ट्रातील मल्लांसमोर त्यांचे मोठे आव्हान उभे होते. बेळगावच्या मैदानात बिराजदारांनी त्यांना पराभूत केले. या लढतीला पदक नव्हते, गुणतक्ता नव्हता. पण तिची आठवण पदकाहून अधिक टिकली.

आयर्लंडमधील हर्लिंग या खेळाशी ताडून पाहिले, तर यातील उणीव ध्यानी येते. काठी आणि चेंडूचा तो खेळ तितकाच मातीतला आहे. खेळाडू आपल्या गावासाठी आणि आपल्या परगण्यासाठी विनामोबदला खेळतात. कॉर्कचे ख्रिस्ती रिंग हे त्यातील थोर नाव. ते पोटासाठी तेलाची मालमोटार चालवीत आणि कॉर्ककडून खेळून त्यांनी आठ वेळा अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले. परंतु १८८४ साली स्थापन झालेल्या तेथील क्रीडा संघटनेमुळे त्यांच्या सामन्यांचा हिशोब आज कोणालाही पाहता येतो. आपल्याकडे शेकडो मैदाने मारणाऱ्या मल्लांचा असा हिशोब कोणी ठेवला नाही. बिराजदारांनी एकूण किती कुस्त्या जिंकल्या, याचे उत्तर कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

वस्तादाची दुसरी खेळी

मल्लाची कारकीर्द पस्तिशीच्या आतबाहेर संपते. त्यानंतर अनेकांच्या वाट्याला दुखावलेले सांधे आणि विस्मरण येते. बिराजदार आणि सतपाल हे बेळगावचे दोघे प्रतिस्पर्धी मात्र पुढे एकाच वाटेने गेले. सतपाल यांनी दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मल्ल घडवले. बीजिंग आणि लंडन ऑलिंपिकमध्ये पदके जिंकणारा सुशीलकुमार हा त्यांचा शिष्य. बिराजदारांनी पुण्यातील गोकुळ वस्ताद तालीम हाती घेतली.

या तालमीतून लातूर तालुक्यातील साई गावचे काका पवार पुढे आले. ग्रीको-रोमन, म्हणजे कमरेखालील पकड वर्ज्य असलेल्या प्रकारात त्यांनी नाव कमावले आणि १९९८ साली अर्जुन पुरस्कार मिळवला. गुरूच्या वाट्याला अर्जुन पुरस्कार कधी आला नाही. क्रीडाक्षेत्रातील आयुष्यभराच्या योगदानाबद्दलचा ध्यानचंद पुरस्कार बिराजदारांना २००६ मध्ये मिळाला, तो एडिंबरोच्या पदकानंतर ३६ वर्षांनी आणि शिष्याच्या अर्जुननंतर आठ वर्षांनी.

बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हाही गोकुळ तालमीत त्यांच्याच हाताखाली वाढला. सप्टेंबर २०११ मध्ये बिराजदारांचे निधन झाले तेव्हा राहुल विशीच्या उंबरठ्यावर होता. तालमीतील मुलासाठी वस्ताद हा केवळ प्रशिक्षक नसतो. त्याच्या खुराकाची, शिस्तीची आणि घरच्या अडचणींचीही काळजी वस्तादच वाहतो. असे छत्र ऐन उमेदीत हरपले की अनेकांची कुस्ती तेथेच थांबते. राहुलची थांबली नाही; गुरुबंधू काका पवार यांनी त्याला पुण्यातील आपल्या तालमीत सामावून घेतले. मधल्या काळात रिओ ऑलिंपिकची संधी हुकली. अखेर एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवून त्याने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले आणि ते दिवंगत गुरूंना अर्पण केले. बिराजदारांच्या सुवर्णानंतर ४८ वर्षांनी तेच पदक त्यांच्या शिष्याकडे आले होते. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाचे कांस्य आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार हे त्यापुढचे टप्पे.

हिशोब कसा मांडावा?

बिराजदारांच्या नावावर एक महाराष्ट्र केसरी, एक राष्ट्रकुल सुवर्ण, रुस्तुम-ए-हिंद आणि ध्यानचंद पुरस्कार एवढी नोंद आहे. त्यांच्या मैदानी कुस्त्यांची मोजदाद आता होणे नाही. शिष्यांची मात्र करता येते, आणि त्यात एक प्रश्नही दडलेला आहे. १९६० च्या दशकात रामलिंग मुदगडच्या मुलाला कोल्हापूर गाठावे लागले. त्यानंतर साईच्या आणि पाटोद्याच्या मुलांना पुणे गाठावे लागले. मुक्कामाचे शहर बदलले, गाव सोडण्याची गरज संपली नाही. ज्या मुलाच्या घरी पुण्याचा खर्च पेलत नाही, त्याची कुस्ती आजही यात्रेतल्या नारळावरच संपते. वस्तादांची परंपरा मराठवाड्याच्या मुलांनी जपली खरी. पण ती मराठवाड्याबाहेर.

जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झालेली महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत या परंपरेचे फळ म्हणावी लागेल. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर होते. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, म्हणजे बिराजदारांच्या शिष्याचे शिष्य. रोज एकाच आखाड्यात एकमेकांशी खडाखडी करणाऱ्या या दोघांपैकी हर्षवर्धनने ३-२ अशी निसटती बाजी मारली. जिंकताच त्याने शैलेशला खांद्यावर उचलून घेतले आणि मैदानात मिरवले.