कोटा ८५ हजारांचा, फी लाख डॉलरची

३,५९५ डॉलर. २६ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेली अमेरिकी कंपनी एखाद्या परदेशी इंजिनिअरसाठी कोट्यातला नवा एच-१बी अर्ज करते, तेव्हा सरकारजमा होणारी नेहमीची रक्कम एवढी आहे. सोडतीच्या नोंदणीचे २१५, अर्जाचे ७८०, फसवणूक रोखण्यासाठीचे ५००, निर्वासितांच्या अर्जव्यवस्थेसाठीचे ६०० आणि प्रशिक्षण निधीचे १,५००. पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आणि त्यांतली निम्म्याहून जास्त एच-१बी किंवा एल-१ व्हिसावर असलेल्या कंपनीला वर ४,००० डॉलर पडतात. वकिलाचा खर्च वेगळा.

२१ सप्टेंबर २०२५ पासून यावर आणखी एक लाख डॉलर चढले. म्हणजे नेहमीच्या फीच्या जवळपास २८ पट. डॉलर ९० रुपयांचा धरला तर एका माणसामागे ९० लाख रुपये.

जुन्या फीतले १,५०० डॉलर मला रास्त वाटतात. १९९८ च्या कायद्याने हा आकार ५०० डॉलरपासून सुरू केला. त्यातला अर्धा पैसा अमेरिकी कामगारांच्या प्रशिक्षणाला जातो आणि ३० टक्के विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना. कसबी माणूस बाहेरून आणायचा असेल, तर ते कसब देशात तयार करायलाही हातभार लावा, असा त्यामागचा विचार. हे १,५०० डॉलर कामगाराकडून वसूल करायला कायद्याने सक्त मनाई आहे. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या एखाद्या मुलाकडे कुणी हे पैसे मागितले, तर ती मागणी बेकायदा आहे आणि त्याने ती मान्य करू नये.

आता कोट्याकडे वळू. १९९० च्या कायद्याने वर्षाला ६५ हजार जागा ठरवल्या. संगणक उद्योगाच्या भरभराटीत त्या आधी १ लाख १५ हजार आणि २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांत १ लाख ९५ हजार झाल्या. मुदत संपली आणि २००४ मध्ये आकडा पुन्हा ६५ हजारांवर आला. अमेरिकी विद्यापीठांतून मास्टर्स किंवा त्यापुढची पदवी घेतलेल्यांसाठी २० हजार जागांची भर पडली, ती तेवढीच. ६५ हजारांतल्या ६,८०० चिली आणि सिंगापूरसाठी बाजूला असतात. दोन दशकं कायद्यातली ही संख्या हललेली नाही, कारण ती हलवायची तर काँग्रेसमध्ये मतदान लागतं.

मागणी मात्र हलत राहिली, आणि ती कशाने हलते ते पाहण्यासारखं आहे. २०२० मध्ये ऑनलाइन नोंदणी सुरू झाली तेव्हा तिची फी फक्त १० डॉलर होती. मार्च २०२३ मध्ये ७,५८,९९४ वैध नोंदण्या आल्या. त्यांतल्या ४,०८,८९१ अशा लोकांच्या होत्या, ज्यांची नावं एकाहून अधिक कंपन्यांनी घातली होती. पुढच्या वर्षी निवड नोंदणीऐवजी माणसागणिक होऊ लागली आणि आकडा ४,७०,३४२ वर आला. माणसं मात्र सुमारे ४ लाख ४६ हजारांवरून ४ लाख ४२ हजारांवरच गेली होती. गळाली ती दुबार नावं. खरी घट मार्च २०२५ मधली. नोंदणी फी २१५ डॉलर झाली ती याच वर्षी, आणि माणसं सुमारे ३ लाख ३६ हजारांवर आली. निवड झाली १,२०,१४१ नोंदण्यांची, साधारण तीनात एक.

या पार्श्वभूमीवर एक लाख डॉलरकडे पाहिलं की मला तो दुसरा कोटाच वाटतो, फक्त मतदानाशिवाय आलेला. राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने तो १२ महिन्यांसाठी लागू झाला. यूएस चेंबर ऑफ कॉमर्सने दिलेलं आव्हान वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये फेटाळलं.

त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असलेल्याने तिथूनच व्हिसाचा प्रकार बदलून घेतला, तर ही रक्कम लागत नाही. तोच मुलगा हिंजवडीत बसलेला असेल तर लागते. २०२४ च्या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या ३,९९,३९५ अर्जांपैकी ७१ टक्के भारतात जन्मलेल्यांचे होते. त्यामुळे झळ कुणाला, हे वेगळं सांगायला नको. मला जास्त खुपतं ते रुग्णालयांचं. विद्यापीठं, त्यांच्याशी जोडलेली रुग्णालयं आणि ना-नफा संशोधन संस्था कायद्यानेच कोट्याबाहेर ठेवल्या आहेत. या रकमेतून मात्र त्या आपोआप सुटत नाहीत. राष्ट्रहिताच्या नावाने अपवाद मिळवावा लागतो. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला आणि निवासी डॉक्टर शोधणाऱ्या रुग्णालयाला एकच दर.

त्यात २०२६ पासून सोडतही पगाराकडे झुकली. कामगार खात्याच्या चार वेतनस्तरांपैकी सर्वांत वरच्या स्तरातल्या उमेदवाराचं नाव चारदा धरलं जातं, तळच्या स्तरातल्याचं एकदा. सरकारच्याच अंदाजाने वरच्या स्तरातल्याची निवडीची शक्यता सुमारे ६१ टक्के, तळच्याची १५. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलामुलींची पहिली नोकरी बहुधा या तळच्या स्तरातच असते.

परदेशी कामगार आणणाऱ्या मालकाकडून पैसे घ्यायचेच, तर ब्रिटनची पद्धत निदान मोजूनमापून आहे. तिथला वर्षाला २०,७०० जागांचा कोटा २०२० च्या अखेरीस उठला. मालकाने भरायचा कौशल्य आकार तेवढा राहिला. १६ डिसेंबर २०२५ पासून तो मोठ्या कंपनीला वर्षाला १,३२० पाउंड आणि लहान कंपनीला ४८० पाउंड आहे. तो कामगाराच्या माथी मारता येत नाही, आणि माणूस मुदतीआधी नोकरी सोडून गेला तर उरलेल्या पूर्ण वर्षांचे पैसे परत मिळतात. मोठ्या कंपनीला पाच वर्षांसाठी ६,६०० पाउंड पडतात. पाउंड १२० रुपयांना धरला, तर आठ लाखांच्या आत.