न दिसणारे सफाई कामगार

जालना शहरातून कुंडलिका नदी वाहते. तिच्या एका बाजूला जुना जालना आणि दुसऱ्या बाजूला नवीन जालना आहे. नवीन जालन्यात घरोघरी रोज भांडी घासली जातात, कपडे धुतले जातात. हे वापरलेले पाणी मोरीतून गटारात आणि गटारातून नाल्यात जाते. यालाच सांडपाणी म्हणतात. ते शुद्ध न करता नदीत सोडले, तर नदी घाण होते. मग ते शुद्ध कोण करणार?

हे काम करणारे कामगार तुम्हांला दिसत नाहीत; पण त्यांना तुमचा हात नक्कीच लागला असेल. घरातला माठ चार-पाच दिवस घासला नाही, तर तो आतून बुळबुळीत होतो. ही सूक्ष्मजीवांची वस्ती आहे. सूक्ष्मजीव चिकट पदार्थ तयार करतात आणि एकमेकांना धरून राहतात. त्यामुळे जैविक थर तयार होतो. माठातला थर घासून काढलाच पाहिजे. पण सांडपाण्याच्या टाकीत तोच थर उपयोगी पडतो.

टाकीत दगड किंवा प्लास्टिकचे तुकडे ठेवतात. त्यांवर जैविक थर वाढतो. सांडपाणी त्यावरून जाते, तेव्हा सूक्ष्मजीव त्यातील घाण खातात. थरात कामाची वाटणीही असते. बाहेरच्या सूक्ष्मजीवांना हवा मिळते. ते अमोनियाचे नायट्रेट करतात. आत हवा पोचत नाही. तेथील सूक्ष्मजीव नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात. तो हवेत निघून जातो.

१९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी दुसरी रीत दाखवली. त्यांनी सांडपाण्यात हवा सोडली आणि तळाला बसलेला गाळ पुन्हा पुन्हा वापरला. या गाळात सूक्ष्मजीवांचे पुंजके असतात. ते कापसासारखे हलके असतात. म्हणून ते सावकाश खाली बसतात आणि मोठ्या टाक्या लागतात.

पुढे शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. हळू बसणारे पुंजके पाण्याबरोबर बाहेर जाऊ दिले आणि लवकर बसणारे ठेवले. असे वारंवार केल्यावर मोहरीएवढे घट्ट दाणे तयार झाले. ते झटकन तळाला बसतात. म्हणून जागा कमी लागते.

या कामगारांना पगार लागत नाही. पण विष चालत नाही. ॲसिड किंवा कीटकनाशक गटारात ओतले, तर ते मरतात आणि काम थांबते.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने पाण्याची मोठी टंचाई सोसली. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रात वापरले जाते. तेवढे धरणाचे पाणी वाचते. मुलांनो, आता मोरीत काही ओतण्यापूर्वी क्षणभर थांबा. पुढे कोण काम करीत आहे, ते आठवा.

शब्दार्थ
मोरी – घरात भांडी, कपडे धुण्याची जागा
पुंजका – लहान गोळा
टंचाई – कमतरता

प्रश्न
१. माठ आतून बुळबुळीत का होतो?
२. घट्ट दाण्यांमुळे जागा कमी का लागते?
३. तुमच्या घरातले सांडपाणी कुठे जाते? पाच ओळी लिहा.